जोखीम कुणाची, कमाई कुणाची

पावसाळ्यातली मासेमारी बंदी उठली की डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या पाड्यांवरून तरुण मुले गुजरातच्या वाटेला लागतात. पोरबंदर, ओखा, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून ती पुढचे कितीतरी महिने काढतात. निघण्याआधी उचल घेतलेली असते. ती कुणाच्या आजारपणात, कुणाच्या लग्नात, कुणाच्या घराच्या कौलांवर खर्चही होऊन गेलेली असते. त्यामुळे काम झेपले नाही म्हणून मधूनच परत फिरण्याची सोय नसते. खोल समुद्रात हद्दीची खूण नसते. बोट पलीकडे गेली की पाकिस्तानचे सागरी सुरक्षा दल ती पकडते आणि खलाशांची रवानगी कराचीच्या मलीर तुरुंगात होते. शिक्षा काही महिन्यांची असली तरी सुटका व्हायला वर्षे लागतात, आणि तोवर पाड्यावरची बाई हातात कागद घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत राहते. बोट मालकाची, जाळे मालकाचे, मासळीही मालकाची. जीव तेवढा खलाशाचा.

आपल्याकडे उद्यमशीलता कमी, धोका पत्करायची तयारी नाही, नोकरीची ओढ फार, ही तक्रार महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिच्यावर ठरलेले उपायही आहेत: यशस्वी उद्योजकांची व्याख्याने, चरित्रे, शिबिरे, स्पर्धा. डहाणू तालुक्यातल्या रानशेतकडून पाहिले तर ही तक्रार चुकीच्या जागी बोट ठेवते असे दिसते. डहाणूहून चारोटी आणि पुढे जव्हारकडे जाणाऱ्या पट्ट्यातले हे गाव. २०११च्या जनगणनेत डहाणू तालुक्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते, शेजारच्या तलासरीत ते ९० टक्क्यांच्या वर. इथला माणूस अनोळखी समुद्रावर जातो, भिवंडी-वसईच्या वीटभट्टीवर बिऱ्हाड हलवतो, पहाटे उठून वापी-उंबरगावच्या कारखान्यात रोजाने उभा राहतो. धाडसाचा तुटवडा इथे दिसत नाही. दिसते ते असे की धोका एकाच्या वाट्याला येतो आणि त्या धोक्याची कमाई दुसऱ्याच्या.

सगळ्या देशाचे चित्रही फार वेगळे नाही. केंद्र सरकारच्या २०२३-२४च्या श्रमशक्ती पाहणीत देशातले ५८ टक्क्यांहून अधिक कामकरी स्वयंरोजगारात मोडतात. म्हणजे निम्म्याहून जास्त माणसांना महिन्याच्या पगाराची खात्री नाही. ती रोज स्वतःच्या हिमतीवर बाजारात उतरतात. त्यांतले बहुतेक हौसेने उतरलेले नाहीत, दुसरा मार्ग नव्हता म्हणून उतरले आहेत. तेव्हा उद्यमशीलता वाढवायची म्हणजे धीर देणारी भाषणे वाढवायची की पडलेल्याला पुन्हा उभे राहता येईल अशी व्यवस्था उभारायची, हा खरा प्रश्न आहे.

डहाणू-तलासरीत कर्जाची भीती उगाच आलेली नाही. १९४५ पूर्वीच्या या भागातली वेठबिगार आणि लग्नगडी पद्धत गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात नोंदवली आहे. लग्नासाठी सावकाराकडून थोडेसे पैसे घ्यायचे आणि फेडीपोटी नवरा-बायकोने वर्षानुवर्षे त्याच्या शेतावर राबायचे, मुले झाली तर त्यांनीही राबायचे. कर्ज घेणे म्हणजे स्वतःला गहाण टाकणे, हा अनुभव इथल्या आजोबा-पणजोबांचा आहे. मे १९४५मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी आदिवासींची परिषद झाली आणि वेठ नाकारण्याचा निर्णय झाला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्यात जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. त्यात जेठ्या गांगड मारला गेला. समाजात धोका पत्करण्याची वृत्ती कशी जागी होते याचे उदाहरण शोधायचे तर या तालुक्यांना दूर जायला नको. पण ते धाडस एकट्यादुकट्याचे नव्हते. सगळा पाडा एकाच वेळी कामाला नाही म्हणाला, म्हणून ते टिकले.

वेठ गेली, तरी एका पिकावरचे जगणे उरले. पाऊस मुबलक, पण जमीन उताराची. भात, नागली, वरई निघाली की दिवाळीनंतर घरातली कामकरी माणसे बाहेर पडतात. सूर्या प्रकल्पाच्या कालव्याखाली ज्यांची जमीन आली त्यांना उन्हाळी पीक घेता येते, बाकीच्यांना नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी घरातले धान्य संपते. सावकाराकडे जावे लागू नये म्हणून सरकारने १९७८पासून आदिवासी विकास महामंडळामार्फत खावटी कर्ज देण्याची योजना चालवली. करोनाच्या काळात ती कर्जाऐवजी पूर्ण अनुदानाची झाली: कुटुंबामागे ४,००० रुपये, निम्मे रोख आणि निम्मे वस्तूंच्या रूपात. जून-जुलैत ज्याच्या घरात खावटीचा प्रश्न आहे त्याने शिल्लक पैसा नव्या धंद्यात घालावा, ही अपेक्षा करताना थोडा विचार करायला हवा. त्याचा प्रयोग फसला तर तोटा पैशांचा होत नाही, जेवणाचा होतो.

या गणिताची मोजणी बांगलादेशात झाली आहे. उत्तरेकडच्या रंगपूर भागात पिकांच्या मधल्या काळात दरवर्षी उपासमार होत असे. शहरात गेले तर काम मिळते, हे ठाऊक असूनही अनेक कुटुंबे गावातच अडकून राहत. २००८मध्ये मुश्फिक मोबारक आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी काही कुटुंबांना जाण्यायेण्याच्या बसभाड्याएवढी, साधारण साडेआठ डॉलरची रक्कम दिली. अट एकच, घरातल्या कुणीतरी कामासाठी बाहेर जायचे. रक्कम देऊ केलेल्यांपैकी २२ टक्के कुटुंबांतून एरवी गेला नसता असा माणूस बाहेर पडला. त्यांच्या घरचे खाणेपिणे सुधारले, आणि पुढच्या वर्षी काही न देताही त्यांतले बरेच जण पुन्हा गेले. त्यांना कुणी धैर्याचे धडे दिले नव्हते. पहिल्या फेरीत हात रिकामे राहिले तरी घर उपाशी राहणार नाही, एवढाच दिलासा मिळाला होता.

आता डहाणूच्या चिकूकडे पाहू, कारण या तालुक्यातल्या मोठ्या आणि जुन्या यशस्वी उद्योगांपैकी तो एक. बाहेरून आलेले हे झाड घोलवड-बोर्डीच्या चुनखडीयुक्त जमिनीत रुजवण्यात पारशी आणि इराणी बागायतदारांचा वाटा मोठा. गेल्या शतकभरात या बागांनी किनारपट्टीचे रूपच बदलले. ‘डहाणू घोलवड चिकू’ला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, २०२१मध्ये हा चिकू ब्रिटनला रवाना झाला. बोर्डीत चिकू महोत्सव भरतो. चिकूची भुकटी, चिप्स, लोणचे, मिठाई निघते; बोर्डीच्या हिल झिल वाइन्सने तर चिकूपासून वाइन केली. नाशवंत फळाचे टिकाऊ उत्पादन करणे म्हणजे बाजारभावाच्या मेहेरबानीतून सुटणे, आणि ही वाट स्थानिक कुटुंबांनी काढली याचे महत्त्व मोठे आहे.

मात्र चिकूची गोष्ट सांगताना एक बाब सहसा राहून जाते. कलम लावल्यापासून हाताशी धरण्याजोगे उत्पन्न यायला पाच-सहा वर्षे जातात, बाग भरात यायला त्याहून जास्त. इतकी वर्षे ज्याला थांबता येते तोच ही जोखीम घेऊ शकतो. ज्यांच्याकडे जमीन, पाणी आणि दुसरे उत्पन्न होते ते थांबले. त्यांच्या बागेत खड्डे खणणारे, फवारणी करणारे, फळे उतरवायची बेडणी घेऊन झाडावर चढणारे हात वारली, धोडी आणि कातकरी होते. धाडसात फरक नव्हता, थांबण्याच्या ऐपतीत होता. आता तर बागायतदारही अडचणीत आहे. बी पोखरणारी अळी, बुरशीने होणारी फळगळ आणि लांबणारा पाऊस यांनी उत्पन्नाचा भरवसा उरला नाही. हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्याचा हप्ता चढत गेला, तेव्हा शेतकऱ्यांनी आंदोलनाची भाषा केली ती रास्तच होती. ज्या पिकाला धोका जास्त त्याचा विमा शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर जात असेल, तर पुढची पिढी कलम लावणार नाही, बाग विकेल.

थांबण्याची ऐपत नसलेल्यालाही बाग लावता येते, हे शेजारच्याच डोंगरांत सिद्ध झाले आहे. मणिभाई देसाईंच्या बाएफ संस्थेने १९८२मध्ये गुजरातेतल्या वांसद्याला ‘वाडी’चा प्रयोग सुरू केला. आदिवासी कुटुंबाने एकरभर पडीक जमिनीवर आंबा-काजूची कलमे लावायची, कडेने जळणाची आणि कुंपणाची झाडे, मधल्या मोकळ्या जागेत भाजी किंवा कडधान्य. झाड फळाला येईपर्यंतची वर्षे आंतरपिकावर आणि संस्थेच्या मदतीवर निघतात. जव्हार-मोखाड्याकडे ही पद्धत आली, त्यात मोगऱ्याची भर पडली आणि मोगऱ्याच्या कळ्या मुंबईच्या बाजारात जाऊ लागल्या. नाबार्डने २००३-०४पासून आदिवासी विकास निधीतून हीच कल्पना देशभर नेली. वाडीची सगळी हुशारी त्या मधल्या वर्षांच्या तरतुदीत आहे. नवा धंदा मरतो तो बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत, आणि आपल्या बहुतेक सरकारी योजना यंत्र घ्यायला पैसे देतात, त्या वर्षांत चूल पेटती ठेवायला देत नाहीत.

ही त्रुटी भरून काढली तर काय होते, हेही तपासून झाले आहे. बांगलादेशच्या ब्रॅक संस्थेने २००२मध्ये अतिगरीब कुटुंबांसाठी एक कार्यक्रम आखला: शेळ्या, गाय किंवा छोट्या दुकानाचा माल असे भांडवल, काही महिने घरखर्चाला भत्ता, आठवड्याला भेट देणारा मार्गदर्शक आणि बचतीची सवय. भारतासह सहा देशांत त्याची चाचणी झाली आणि निष्कर्ष २०१५मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. कार्यक्रम संपून वर्ष उलटल्यावरही कुटुंबांचे उत्पन्न आणि खाणे सुधारलेले होते. त्याच वर्षी नुसत्या सूक्ष्म कर्जाच्या सहा देशांतल्या चाचण्याही प्रसिद्ध झाल्या. त्यांतून दिसले की कर्जाने काहींना हातभार लागतो, पण सरासरी कुटुंबाचे आयुष्य बदलत नाही. दर आठवड्याला हप्ता भरायचा असेल तर माणूस लगेच पैसा देणारा, ठरीव, सगळेच करतात तो धंदा निवडणार. नवे काही करून पाहणार नाही. कर्जाच्या गटातल्या बायांनी एकमेकींच्या हप्त्याची हमी घेतलेली असते, तेव्हा एकीचे धाडस बाकीच्यांना परवडत नाही.

रानशेतपासून जवळच असलेल्या गंजाडचे उदाहरण याहून निराळे, आणि या लेखाच्या दृष्टीने सर्वांत बोलके. वारली चित्रे म्हणजे लग्नघराच्या भिंतीवर सुवासिनींनी तांदळाच्या पिठाने रेखायचा चौक. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले आणि त्यांनी कागद आणि रंग वाटले. तलासरीच्या धामणगावात जन्मलेले आणि गंजाडच्या कळंबीपाड्यावर राहणारे जिव्या सोमा म्हसे यांनी तो कागद हाती घेतला. पुरुषाने, लग्नाचा प्रसंग नसताना, रोज चित्र काढत बसायचे! त्या समाजात याहून मोठा धोका कोणता? शेतावरची मजुरी बुडायची आणि लोक नावे ठेवायचे. म्हसे यांनी भिंतीवरच्या चौकाबाहेर मासेमारीचे जाळे, वारूळ, तारपा नाच, मुंबईची गाडी असे सगळे जगच कागदावर आणले. १९७५मध्ये मुंबईच्या केमोल्ड कलादालनात त्यांचे प्रदर्शन झाले, १९७६मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११मध्ये पद्मश्री. मे २०१८मध्ये ते गेले तेव्हा डहाणू-तलासरी-विक्रमगडच्या पाड्यांवर शेकडो घरे या कलेवर पूर्ण किंवा थोडीफार जगत होती.

पहिला माणूस पुढे गेला की मागच्यांचा धोका कमी होतो. त्याने वाट चुकण्याचा खर्च आधीच केलेला असतो. पण वारली चित्रांच्या बाबतीत कमाईचा मोठा भाग पाड्यांच्या बाहेर गेला. चादरी, कप, साड्या, हॉटेलांच्या भिंती यांवर त्या आकृत्या छापणारे अनेकजण या समाजाला काही देणे लागतो असे मानत नाहीत. डहाणूच्या आदिवासी युवा सेवा संघाने, म्हणजे ‘आयुश’ने, पाठपुरावा करून २०१४मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळवले. कायद्याचे कागद भरणे, वकील गाठणे, चेन्नईच्या नोंदणी कार्यालयापर्यंत पोचणे हे आदिवासी तरुणांच्या संघटनेने केले, हीही उद्योजकताच आहे. मात्र मानांकन मिळाल्यावर त्याची अंमलबजावणी करायला पैसा आणि माणसे लागतात. गंजाडचा चित्रकार सुरतेच्या कापड गिरणीवर दावा लावू शकत नाही. हे काम शासनाने स्वतःकडे घ्यायला हवे.

डहाणू तालुक्यात छोटे कारखानदारही झाले. चिंचणी-वाणगाव परिसरात सोन्याचांदीच्या दागिन्यांचे छाप, म्हणजे डाय, कोरण्याचा व्यवसाय घराघरांत वाढला. देशभरच्या सराफ बाजारात इथली डाय जात असे. डहाणूत फुगे तयार करण्याचे कारखाने निघाले. वाणगावची मिरची आणि शेडनेटमधली ढोबळी मिरची मुंबईच्या बाजाराने ओळखली. हे सारे मोठ्या उद्योगवसाहतीशिवाय झाले. किंबहुना २० जून १९९१ला केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला आणि उद्योगांसाठीची जमीन ५०० एकरांपर्यंत मर्यादित केली, प्रदूषणकारी उद्योगांना मज्जाव केला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६मध्ये पर्यावरण संरक्षणासाठी प्राधिकरण नेमले गेले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अखेरपर्यंत त्याचे अध्यक्ष राहिले. या बंधनांनी डहाणूचा विकास रोखला, असे म्हणणारे अनेक आहेत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहेच: लहान कारखानदाराला विस्ताराची परवानगी मिळवताना जीव मेटाकुटीला आला. पण त्या बंधनांवाचून घोलवडचा चिकू आणि किनाऱ्यावरची मासळी टिकली असती का, याचाही हिशेब मांडावा लागतो. एकाच्या कारखान्याचा धोका शेजारच्या बागेने आणि खाडीने सोसायचा, हा काही उद्यमशीलतेचा आदर्श होऊ शकत नाही.

महाराष्ट्राच्या उद्योगाच्या इतिहासात धाडसी माणसांची नावे घेतली जातात, त्यांना सावरणाऱ्यांची क्वचित. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराने जमिनीला विष चढेल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्थानकाजवळची ओसाड जमीन दिली, पैशांची मदत केली आणि १९१०मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. राजाने पाठीशी उभे राहायचे ठरवले नसते, तर लक्ष्मणरावांची जिद्द तशीच असूनही आज कुणाला त्यांचे नाव ठाऊक नसते. त्याच सुमारास अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली, आणि लोकांच्या पैशा-पैशाच्या वर्गणीतून १९०८मध्ये तळेगावात काच कारखाना निघाला. कारखाना बुडाला असता तरी कुणाचे घर बुडाले नसते, इतका बारीक वाटा प्रत्येकाचा होता. लाखो माणसांत जोखीम वाटून घेण्याची ही रीत आपल्या हाताशी सव्वाशे वर्षे आहे. उद्योजकता विकास केंद्रे, कर्ज महामंडळे, नवउद्यम धोरणे यांच्या गर्दीत ती मागे पडली, याचे वाईट वाटते.

गेल्या काही वर्षांत योजनांची कमतरता राहिलेली नाही. २०१५ची मुद्रा, २०१६ची स्टँड-अप इंडिया, राज्याचा २०१९चा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, आदिवासींसाठी शबरी वित्त व विकास महामंडळ. स्टँड-अप इंडियात अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्तींना आणि महिलांना १० लाख ते १ कोटीपर्यंत कर्जाची सोय होती. रानशेतच्या पाड्यावर १० लाख ही खालची मर्यादाच डोंगराएवढी होती. उलट मुद्रात सुरुवातीच्या वर्षांत बहुसंख्य खाती ५० हजारांच्या आतल्या ‘शिशु’ गटातली होती. तेवढ्यात टपरी निघते, यंत्र येत नाही. छोटा आणि मोठा यांच्या मधली पायरी कागदावर असली तरी पाड्यावरच्या माणसाच्या हाती क्वचितच लागते.

तारणाचा प्रश्न त्याहून गुंतागुंतीचा. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे जाऊ नये म्हणून १९७४पासून महसूल कायद्यात कडक तरतुदी आहेत. २००६च्या वनहक्क कायद्याने मिळालेली जमीन तर वारसाने जाते, विकता येत नाही. या तरतुदी हव्यातच. त्या नसत्या तर महामार्गालगतचा एकही पाडा आज जागेवर उरला नसता. पण त्यामुळे बँकेच्या लेखी ही जमीन तारणाच्या कामाची राहत नाही. सूक्ष्म उद्योगांच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१०मध्येच बँकांना बजावले. प्रत्यक्षात शाखेच्या टेबलापलीकडचा अधिकारी ओळखीचा जामीनदार मागतो, आणि पाड्यावरच्या माणसाच्या ओळखीत पगारदार माणूस नसतो. जमिनीचे संरक्षण सैल करण्याची मागणी यावर पुढे येते. ती धोक्याची आहे. कर्जाची हमी सरकारने घ्यावी, जमीन माणसाकडेच राहू द्यावी.

मग धंदा बुडालाच तर? इथे कायद्याची बाजू फार लंगडी आहे. २०१६च्या दिवाळखोरी संहितेने कंपन्यांची वाट मोकळी केली: कंपनी बुडाली तर ठरल्या मुदतीत निकाल अपेक्षित असतो, धनको काही रकमेवर पाणी सोडतात आणि गाडा पुढे जातो. त्याच संहितेत गरिबांसाठी ‘नवी सुरुवात’ नावाचे प्रकरण आहे. वर्षाचे उत्पन्न ६० हजारांपर्यंत, मालमत्ता २० हजारांपर्यंत, कर्ज ३५ हजारांपर्यंत आणि स्वतःचे घर नसलेल्या माणसाला कर्जातून मुक्त होऊन पुन्हा उभे राहता येईल, अशी ती तरतूद. संसदेने ती मंजूर केली, पण लागू झाली नाही. व्यक्तींपुरता असलेला भाग २०१९च्या डिसेंबरपासून फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांसाठी अमलात आला. परिणामी हजारो कोटी बुडवणाऱ्या कंपनीला कायद्याने नवे आयुष्य मिळते आणि ३० हजारांच्या कर्जात अडकलेल्या फेरीवाल्याला वसुलीवाल्याच्या दारावरच्या थापेपासून सुटका नाही. धोका पत्करा, असे या माणसाला कुठल्या तोंडाने सांगायचे?

यातून वाट काढणारी माणसेही आहेत, आणि ती बहुधा गटाने पुढे आली. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरला कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून सुकवून विकायला सुरुवात केली. सुनील पवार आणि त्यांच्या सोबत्यांनी उभी केलेली आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्था वनधन योजनेत आली आणि डाबर, बैद्यनाथ, हिमालय यांसारख्या कंपन्यांकडून करोनाकाळात तिला दीड कोटी रुपयांच्या आसपासची मागणी मिळाली. पूर्वी हीच गुळवेल व्यापारी सांगेल त्या दराने जात होती. वनधन केंद्रात तीनशे जण एकत्र येतात, माल साठवतात, सुकवतात, भावासाठी थांबू शकतात. डहाणू-तलासरीत मोहाची फुले, बांबू, मध, कडूकंद, रानभाज्या यांची कमतरता नाही. अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पेसा कायद्याने गौण वनोपजावर ग्रामसभेचा हक्कही आहे. साताऱ्यातल्या मांघरप्रमाणे ‘मधाचे गाव’ म्हणून घोलवडचीही निवड झाली. सातेरी मधमाश्यांच्या पेट्या बागेत ठेवल्या तर मध आणि फळधारणा दोन्ही साधतात. गावातल्या महिला गटांना हा धंदा पेलण्याजोगा आहे, कारण पेटीची किंमत मोठी नाही आणि एखादी वसाहत उडून गेली तरी घर उघड्यावर पडत नाही.

शिक्षणाबद्दल थोडेच, पण महत्त्वाचे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर जे बालशिक्षण उभे केले त्यात शंख-शिंपले, पाने, बिया हीच शैक्षणिक साधने होती आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर गेली होती. चुकत-माकत, हाताने करून शिकणे हा त्या शाळांचा गाभा होता. आज त्याच तालुक्यातल्या आश्रमशाळेतली मुले गाईड पाठ करून परीक्षेला बसतात. चूक केली की गुण कापले जाणार, हे बारा वर्षे शिकलेल्या मुलाला एकविसाव्या वर्षी चुका करून पाहा म्हणणे व्यर्थ आहे. कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात कलमे बांधण्याचे आणि फळप्रक्रियेचे शिक्षण मिळते. आठवी-नववीपासून मुलांना तिथे नेऊन खरीखुरी विक्री करायला लावली, तर कुठल्याही नवउद्यम स्पर्धेपेक्षा ती अधिक शिकतील. महालक्ष्मीच्या चैत्री यात्रेत विवळवेढ्याला लाखोंची गर्दी होते. शाळेच्या मुलांची दहा दुकाने तिथे लागायला काय हरकत आहे?

हे सारे आता तातडीचे झाले, त्याचे कारण डहाणूच्या किनाऱ्यावरचे नियोजित वाढवण बंदर. ज्या बंदराला डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने १९९८मध्ये नकार दिला होता, त्याला जुलै २०२३मध्ये परवानगी मिळाली, जून २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींचा प्रकल्प मंजूर केला आणि ३० ऑगस्टला पालघरमध्ये पायाभरणी झाली. द्रुतगती महामार्ग, मालगाड्यांचा स्वतंत्र लोहमार्ग, बुलेट ट्रेन हे सगळे याच पट्ट्यातून जाते. मच्छीमारांचा विरोध कायम आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे: त्यांचा पिढीजात उद्योग, तोही पूर्ण जोखमीचा, यात पणाला लागला आहे. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या हाती एकरकमी पैसा आला किंवा येईल. जमिनीच्या पैशातून गाडी, घर, लग्न आणि मग पुन्हा मजुरी, हे नवी मुंबईपासून अनेक ठिकाणी घडलेले आहे. डहाणूत ते टाळायचे तर ठेके कुणाला मिळतात, यावर आजच नजर ठेवावी लागेल. जेवणाचे डबे, कपडे धुणे, माती वाहतूक, रोपवाटिका, सुरक्षा, दुरुस्ती ही कामे स्थानिक गटांना आणि सहकारी संस्थांना राखून ठेवता येतात. त्यांचे पैसे तीस दिवसांत चुकते करण्याची अट घालता येते. ठेकेदाराकडे थकलेल्या बिलाने छोटा धंदा जितका बुडतो तितका स्पर्धेने बुडत नाही.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला वेगळा झाला तो आदिवासींच्या विकासाचे कारण देऊन. त्या कारणाला जागायचे असेल तर जिल्हा प्रशासनाने आणि लोकप्रतिनिधींनी पुढच्या आर्थिक वर्षात निदान तीन गोष्टी कराव्यात. नवा धंदा सुरू करणाऱ्या आदिवासी कुटुंबाला पहिली दोन वर्षे घरखर्चाचा भत्ता आदिवासी उपयोजनेतून द्यावा. चिकू-मिरचीच्या विम्याचा शेतकऱ्याचा हप्ता त्याला परवडेल असा ठरवावा. बंदराच्या ठेक्यांत स्थानिक गटांचा वाटा लेखी ठेवावा. आणि संहितेतले ‘नवी सुरुवात’ प्रकरण लागू करावे म्हणून पालघरच्या खासदारांनी दिल्लीत आवाज उठवावा. ते लागू करायला नवा कायदा लागत नाही, केंद्र सरकारची एक अधिसूचना पुरते.